अर्डेलला सांगितलेला आकडा

व्हर्लिन ऑस्टबीने आयुष्यात एकच मोठं खोटं सांगितलं, आणि तेही नीट विचार करून, कुणाला इजा होणार नाही असं निवडून. हे तो स्वतःला वारंवार बजावत असे. विशेषतः मेहुण्याने दिलेलं बीफ खाताना.

गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. जूनची सकाळ, प्लम क्रीक गावाच्या उत्तरेचं एका रँचरचं कुरण आणि कुरणभर प्रेअरी डॉगांची वसाहत. नाव कुत्र्याचं असलं तरी हे प्राणी म्हणजे बिळात राहणाऱ्या, सदा जेवून उठल्यासारख्या दिसणाऱ्या खारी. गवत फस्त करतात, जमीन पोखरतात, आणि घोड्याचा पाय एकदा बिळात गेला की घोडा गेलाच म्हणायचा. म्हणून रँचर स्वतः फोन करून बोलावतात : या, बंदुका आणा, दुपारी जेवूनच जा.

त्या सकाळी व्हर्लिनने तीनशे यार्डांवरून एकवीस खारी टिपल्या. त्याचा मेहुणा अर्डेल किट्झमन याने एक टिपली, आणि तीही, रँचरच्या म्हणण्याप्रमाणे, दचकून मेली असावी.

"अर्डेल," रँचर म्हणाला, "तू मारतोयस की त्यांना नुसतं कळवतोयस?"

अर्डेल हसला. अर्डेल नेहमीच हसायचा. त्याच्याकडे हसण्यासारखं भरपूर होतं : व्हर्लिनपेक्षा दुप्पट जमीन, नवा ट्रॅक्टर, साठीलाही डोक्यावर घोड्यासारखे केस, आणि बायको म्हणून व्हर्लिनची धाकटी बहीण लव्हॉन, जी भावाला सोडून सगळ्यांशी गोड बोलायची. "माझा भाऊ," ती चारचौघांत सांगे, "समोरचा अळणी जेवत असला तरी मिठाची बाटली सरकवणार नाही." व्हर्लिनकडे या सगळ्यासमोर ठेवायला एकच गोष्ट होती. त्याची काडतुसं.

प्लम क्रीकमध्ये विकतची काडतुसं वापरणं म्हणजे चर्चच्या जेवणाला विकतचा केक नेणं. तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण ताट तसंच परत येतं. उडवलेल्या पुंगळ्या वेचून आणायच्या, घासायच्या, प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणायच्या, बुडाला नवी टिकली बसवायची, दारू कण-कण तोलून भरायची आणि वर गोळी बसवायची. हे सगळे सगळ्यांना सांगतात. सांगत नाहीत ते एवढंच, की गोळी किती आत दाबायची. नळीतले पीळ जिथे सुरू होतात, तिथपासून गोळीचं नाक किती मागे? पाच हजारांश इंच? वीस? केसाच्या जाडीएवढा फरक, पण त्यानेच पाच गोळ्या एका भोकातून जातात किंवा पाच गावांना जातात. हा आकडा माणूस बायकोलासुद्धा सांगत नाही. अर्थात बायकोनेही कधी विचारलेलं नसतं.

त्या दिवशी पिकअपच्या मागच्या फळीवर बसून सँडविच खाता-खाता अर्डेलने सरळ विचारलं.

"व्हर्लिन, तू गोळी किती मागे ठेवतोस रे?"

व्हर्लिन पाच हजारांश ठेवायचा. पाचावर पोचायला त्याला चार वर्षं लागली होती. त्याने कुरणाकडे पाहिलं, मेहुण्याच्या केसांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "पन्नास."

पन्नास त्याने स्वतः करून पाहिले होते. त्याच्या रायफलीतून पन्नासची काडतुसं अशी फाकत की कागदावरची भोकं मोजायला कागदाभोवती फिरावं लागे. धोका मात्र शून्य. फक्त नेम बसायचा नाही. आणि अर्डेलचा नेम नाहीतरी कुठे बसत होता?

"पन्नास!" अर्डेलचे डोळे पाणावले. "व्हर्लिन, हे कुणी कुणाला सांगत नाही रे."

"नाही," व्हर्लिन म्हणाला. एवढं तरी खरं होतं.

आता झालं असं, की रायफलीलाही आवडनिवड असते. दोघांच्या नळ्या एकाच कारागिराने एकाच पात्याने कोरलेल्या, सख्ख्या बहिणींसारख्या. आणि सख्ख्या बहिणींसारखंच, एकीला जे गोड लागतं ते दुसरीच्या घशाखाली उतरत नाही. अर्डेलच्या रायफलीला पन्नास आवडले. नुसते आवडले नाहीत, ती त्यांची वाटच पाहत होती जणू. पुढच्या शनिवारी अर्डेलने क्लबच्या मैदानावर पाच गोळ्या झाडल्या आणि कागदावर एकच भोक पडलं. चार चुकल्या असं समजून सगळे हसले. मग कुणीतरी जवळ जाऊन बघितलं.

तिथून आभार सुरू झाले.

त्या नाताळात अर्धा बैल आला, कापून, कागदात बांधून, प्रत्येक पुडक्यावर 'व्हर्लिन' लिहून. पुढच्या वसंतात अर्डेल स्वतः छपरावर चढून व्हर्लिनच्या गळक्या कोठाराची डागडुजी करून गेला. लव्हॉन घरी आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "चाळीस वर्षं मी तुझ्याबद्दल वाईट बोलले, व्हर्लिन. मी चुकले." असं म्हणून तिने त्याला मिठी मारली. शेवटची मारली होती तेव्हा आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष होते. पास्टरांनी 'देणारा हात' या विषयावर प्रवचन दिलं आणि नाव न घेता व्हर्लिनकडे पाहिलं. मागोमाग सगळ्या चर्चने पाहिलं. अर्डेलच्या मुलीने आपल्या बाळाचं मधलं नाव व्हर्लिन ठेवलं. बाळ मुलगी होती.

व्हर्लिनचं वजन वाढलं आणि झोप कमी झाली. खोटं पचलं असतं तर वेगळी गोष्ट. खोटं फसलं असतं तरी चाललं असतं. पण या खोट्याचं भलं झालं होतं, आणि भल्याची माफी कशी मागायची हे प्लम क्रीकच्या लुथरन चर्चमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

भीती एकाच गोष्टीची होती. सप्टेंबरातल्या जोडीच्या स्पर्धेची. नियम असा, की दोन नेमबाज, दोन रायफली, पण काडतुसं एकाच्याच हातची, एकाच मापाची. अर्डेल दर वर्षी विचारायचा, "या वेळी आपण दोघं, तुझ्या मापावर?" आणि दर वर्षी व्हर्लिन काहीतरी काढायचा. पहिल्या वर्षी त्याने फार्गोच्या एका चुलतभावाला मारलं. पण चुलतभाऊ लव्हॉनचाही होता, त्यामुळे त्याला संध्याकाळपर्यंत जिवंत करावं लागलं. नंतर कंबर, नंतर डोळा, नंतर गवताची कापणी. दहा वर्षं निभावली.

अकराव्या वर्षी अर्डेल सत्तरीला पोचला आणि लव्हॉनचा फोन आला. "वाढदिवसाला काय हवं विचारलं, तर म्हणतो व्हर्लिनबरोबर एकदा खेळायचंय. यंदा तुझी कंबर मोडली तरी मी तुला ढकलगाडीतून आणीन."

स्पर्धेच्या सकाळी मैदानावर अर्डेलने त्याच्या हातात एक डबी ठेवली. आत पन्नास काडतुसं, दाण्यासारखी सारखी. झाकणावर चिठ्ठी : व्हर्लिनचं माप.

"माझी आधी भरली, तुझी दुसऱ्या दिवशी," अर्डेल म्हणाला. "एकेक तीनदा मोजली. तुझ्या नावाला बट्टा नको."

"नको होतं एवढं," व्हर्लिन म्हणाला. मनापासून म्हणाला.

अर्डेल आधी बसला. पाच गोळ्या, एक भोक. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि व्हर्लिनकडे पाहिलं, कारण अकरा वर्षांची सवय. मग व्हर्लिन बसला. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवली, श्वास सोडला, पाच वेळा चाप ओढला. कागद आणला गेला. पाचही भोकं एकमेकांशी अबोला धरल्यासारखी लांब-लांब बसली होती. एक तर शेजारच्याच्या कागदावर राहायला गेलं होतं.

दुसरी फेरी तशीच. तिसरी त्याहून वाईट. जोडीचा नंबर शेवटून पहिला आला. त्यांच्या वर एक जोडी होती, जिच्यातल्या एकाला मोतीबिंदू होता.

व्हर्लिनला वाटलं, आता अर्डेल म्हणेल, तुझी नळी झिजली. किंवा म्हातारा झालास. काहीही म्हणाला असता तरी चाललं असतं. पण अर्डेल हातातल्या कागदाऐवजी स्वतःच्या हातांकडे बघू लागला.

"माझ्या बापाचे सत्तरीला थरथरायला लागले," तो म्हणाला. "सूप भरवायला लागायचं. मला वाटलं होतं मी सुटलो."

"अर्डेल, तुझ्या हातांना काही झालेलं नाही."

"माझी पहिल्या दिवशी भरली. तुझी दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी हात हलला असणार." त्याने टोपी काढली. "तुझी सगळ्यांसमोर फजिती केली, व्हर्लिन. माफ कर मला."

व्हर्लिनने तोंड उघडलं. आजूबाजूला चाळीस माणसं होती, पास्टर होते, मधल्या नावाची व्हर्लिन आईचा हात धरून उभी होती. त्याने तोंड मिटलं.

आठवड्याने लव्हॉनचा फोन आला. आवाज खाली होता. "तो प्रेस विकायला काढतोय. दारूचा काटा, साचे, सगळं. गावच्या धान्याच्या कोठाराबाहेर चिठ्ठी लावून आलाय. कॉफीचा कप अर्धाच भरून मागतो, सांडेल म्हणून. रॅपिड सिटीच्या डॉक्टरची वेळ घेतलीये. व्हर्लिन, तू ये ना जरा. तुझंच ऐकतो तो."

व्हर्लिन गेला. जाताना वाटेत धान्याच्या कोठारावर थांबला, चिठ्ठी काढली, घडी करून खिशात घातली. मग वाटलं ही चोरी झाली, म्हणून परत जाऊन लावली. मग पुन्हा काढली. कोठाराचा माणूस खिडकीतून बघत होता. "ठरव एकदा काय ते," तो म्हणाला. "टाचणी माझी आहे."

स्वयंपाकघरात अर्डेल टेबलाशी बसला होता, अर्धा कप कॉफी घेऊन. लव्हॉनने व्हर्लिनपुढे कुखन या जर्मन केकचा मोठा तुकडा ठेवला, ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा, वर साय. व्हर्लिनने ताटली दूर सारली. असं त्याने अकरा वर्षांत केलं नव्हतं.

"तुझे हात ठीक आहेत," तो म्हणाला. "दोष आकड्याचा आहे. मी तुला पन्नास सांगितले, पण मी पन्नास ठेवत नाही. पाच ठेवतो. पहिल्यापासून पाच. मी खोटं बोललो होतो."

लव्हॉनने ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले.

"बघ," ती अर्डेलला म्हणाली. "बघ, तुझ्यासाठी हा स्वतःला लबाड म्हणवून घेतोय."

"खरंच लबाड आहे मी!"

"पुरे रे, व्हर्लिन," अर्डेल प्रेमाने म्हणाला. "तुझं मन मोठं आहे हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. पण लहान मुलासारखी समजूत नको काढूस माझी. खोटा आकडा असता तर माझ्या रायफलीने अकरा वर्षं एक भोक पाडलं असतं का?"

याचं उत्तर रायफलीला विचारावं लागलं असतं. चांगुलपणासाठी इतका बदनाम झालेला माणूस प्लम क्रीकने पाहिला नव्हता. तीन वेळा त्याने कबुली दिली आणि तीन वेळा लव्हॉनने त्याच्या ताटलीत साय वाढली. शेवटी तो उठला, गाडीत बसला, आठ मैल घरी गेला आणि वही घेऊन आला.

काडतुसं भरणारा माणूस सगळं लिहून ठेवतो. तारीख, तापमान, वारा, कुठली दारू, पुंगळी कितव्यांदा वापरली, कुठली गोळी कुठे लागली. लिहिलं नाही तर घडलंच नाही. हवेतला दमटपणा नोंदवणारा माणूस स्वतःचं खोटं नोंदवायला विसरेल हे शक्य नव्हतं. पेन हातात होतं, रकाना रिकामा होता, आणि सवय.

लव्हॉन कोंबड्यांकडे गेली होती. व्हर्लिनने अर्डेलला शेडमध्ये नेलं, जिथे प्रेस पुसून, तेल लावून, गिऱ्हाइकासाठी तयार ठेवला होता, आणि वही उघडून त्याच्यापुढे धरली.

१४ जून. ६१ अंश फॅरनहाइट. वारा वायव्येचा, ८ मैल. खारी २१. अर्डेलला ५० सांगितले (खरे ५). अर्डेलने आभार मानले.

अर्डेलने चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग पान उलटलं. व्हर्लिनला हे अपेक्षित नव्हतं. त्याला वाटलं होतं एक पान पुरे.

२१ जून. ७४ अंश. वारा नाही. अर्डेलचं एक भोक. काही कळत नाही.

२५ डिसेंबर. उणे ११. अर्धा बैल.

१९ मे. ५८ अंश. अर्डेल माझ्या कोठारावर. सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

"मी वर छपरावर होतो," अर्डेल म्हणाला, वहीतून मान न काढता. "आणि तू खाली हे लिहीत होतास?"

"मी शिडी धरली होती," व्हर्लिन म्हणाला. "नंतर लिहिलं."

अर्डेल वाचत राहिला. अकरा वर्षं वाचायला त्याला पाऊण तास लागला. मधे एकदा थांबून त्याने ओठ हलवत काहीतरी मोजलं, बहुधा बैल. प्रवचनाच्या रविवारी व्हर्लिनने फक्त तापमान लिहिलं होतं आणि खाली जागा सोडली होती. त्या कोऱ्या जागेपाशी अर्डेल सगळ्यात जास्त वेळ थांबला.

मग त्याने वही मिटली, चष्मा काढला आणि दोन्ही हात समोर धरले. पसरून. बोटं ओळीत. ती जराही हलत नव्हती.

"म्हणजे माझे हात," तो म्हणाला.

"घड्याळजीसारखे आहेत."

अर्डेलने एक मोठा श्वास आत घेतला, आणि क्षणभर त्याचा चेहरा असा मोकळा झाला की व्हर्लिनला वाटलं, संपलं, सुटलो. मग तो श्वास बाहेर आला आणि चेहरा बदलला.

"आठवडाभर मला झोप नाही," अर्डेल म्हणाला. "बायकोला कोण सांभाळेल, शेत कुणाला द्यायचं, सगळं करून झालं माझं. तू मैदानावर माझ्या शेजारी उभा होतास, व्हर्लिन. मी टोपी काढून तुझी माफी मागितली. आणि तू काय केलंस?"

"काही नाही."

"वहीत लिहिलंस?"

व्हर्लिनने मान खाली घातली. "६६ अंश," तो म्हणाला.

बाहेरून लव्हॉनची हाक आली, कॉफी झाली म्हणून. व्हर्लिन दाराकडे वळला. "तिलाही सांगतो. आत्ताच."

"नाही," अर्डेल म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण व्हर्लिन जागीच थांबला. "चाळीस वर्षं ती तुला बरोबर ओळखून होती. मी तिला चुकीचं ठरवलं. आता तिला सांगू, की पहिलंच बरोबर होतं? मला घरात राहायचंय." त्याने वही व्हर्लिनच्या छातीवर टेकवली, आणि मग परत स्वतःच्या काखेत मारली. "आणि तिला भाऊ एकच आहे. तू खाशील तिचं कुखन. दर रविवारी. पूर्ण."

व्हर्लिनने त्या दिवशी कुखन खाल्लं. अर्डेल समोर बसून बघत होता. लव्हॉन म्हणाली, "बघ, तू आलास आणि याच्या तोंडावर रंग आला," आणि अजून एक तुकडा वाढला. तोही खाल्ला.

प्रेस विकला गेला नाही. डॉक्टरची वेळ रद्द झाली. गावाला कळलं की व्हर्लिनने मेहुण्याला खचू दिलं नाही. पास्टरांनी रस्त्यात त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. व्हर्लिनने तापमान पाहिलं, पण लिहिलं नाही. वही आता अर्डेलच्या शेडमध्ये असायची. अर्डेलने ती ठेवून घेतली होती, का ते सांगितलं नव्हतं, आणि मागायची व्हर्लिनची छाती नव्हती.

ऑक्टोबरात अर्डेलने फोन करून बोलावलं. दोघं दर गुरुवारी दुपारी शेडमध्ये बसू लागले, एक पुंगळ्या मापात आणतोय, एक टिकल्या बसवतोय. बोलणंही साधारण पूर्वीसारखंच. फक्त एक बदल झाला.

"काटा शून्यावर आहे," व्हर्लिन म्हणाला, की अर्डेल उठून, वाकून, काट्याकडे एक डोळा मिटून बघायचा. "आहे," म्हणायचा, आणि बसायचा.

"टिकल्या शंभर उरल्यात." अर्डेल डबी ओतून मोजायचा. शंभर असायच्या.

"वारा वायव्येचा आहे आज." अर्डेल हातातलं काम ठेवून, कोट चढवून, अंगणात जाऊन, बोट ओलं करून वर धरायचा. परत यायचा, कोट काढायचा. "वायव्येचाच," म्हणायचा.

त्यात राग नव्हता. रागाची तयारी व्हर्लिनने केली होती, याची नव्हती. तो कमी बोलू लागला, आणि जे बोलायचं ते आधी स्वतः तपासून बोलू लागला. गाडीतून उतरण्यापूर्वी तो वाऱ्याची दिशा दोनदा बघायचा. घरी एकटा असताना अंडी मोजायचा, कुणी विचारलंच तर म्हणून.

एका गुरुवारी अर्डेल गोळ्या बसवत होता. हात संथ, स्थिर. प्रेसचा दांडा खाली, वर, खाली. त्याने मान न वळवता विचारलं, "किती वाजले?"

व्हर्लिनने भिंतीकडे पाहिलं. "तीन."

अर्डेलने दांडा सोडला, बाही वर केली आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"दोन मिनिटं आहेत अजून," तो म्हणाला.

"चुकलं माझं, अर्डेल," व्हर्लिन म्हणाला.

अर्डेलने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, काट्याकडे पाहावं तसं, एक डोळा किंचित बारीक करून. मग पुढची पुंगळी उचलली.